पुसली जाणार हे ठाऊक असूनही काढलेली रांगोळी

सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या आमच्या मंद्रूपमध्ये कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा बोलल्या जातात, आणि रांगोळी दोन्हींची. सडा घालून अंगण जरा सुकलं की आधी ठिपके मांडायचे, मग ते जोडायचे. शिरगोळ्याच्या दगडाची पूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सारख्या धारेनं सोडणं हीच यातली खरी कला. ओल जास्त राहिली तर रेघ भिजते आणि अंगण कोरडंठाक असेल तर पूड वाऱ्यानं उडते. चैत्रात चैत्रांगण काढतात. त्यात शंख, कमळ, स्वस्तिक, गोपद्म अशी चिन्हं असतात.

रांगोळीचं भव्य रूप पाहायचं तर जानेवारीत संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला या. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर कलाकार लांबच लांब पायघड्या घालतात. थोड्याच वेळात मिरवणूक त्यावरूनच जाते आणि रंग पावलांना लागतात. रांगोळी काढलेलीच असते त्यासाठी!

आपली कला अशी मिटू देणं रांगोळीपुरतंच नाही. याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी 1992 मध्ये कोलकात्यात लोकांसमोर देवींची चित्रं रंगवली आणि शेवटी स्वतःच पांढरा रंग फासून ती झाकून टाकली. तिबेटी भिक्षूही अनेक दिवस खपून वाळूचं मंडल रचतात आणि विधी संपला की विसर्जित करतात.

चित्र टिकण्याइतकंच ते काढतानाचं रमणंही मोलाचं आहे. म्हणून मुलांच्या हाती रांगोळी द्या. रेघ वाकडी आली तरी चालेल, उद्या अंगण पुन्हा कोरं असणार आहे.