एका मुलामागे वर्षाला 24 मिनिटं

2011च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याची लोकसंख्या 3,14,103 होती, मुरबाडची 1,90,652. देशात तेव्हा दर शंभरांत साधारण 21 जण 10 ते 19 वयोगटातले होते. तेच प्रमाण इथे लावलं, तर या दोन तालुक्यांत किशोरवयीन मुलं-मुली लाखाच्या घरात जातात.

त्यांचं ऐकून घ्यायला शाळेत कोण आहे? आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने फेब्रुवारी 2020मध्ये एक सोय ठरवली: शाळेमागे दोन प्रशिक्षित शिक्षक, मानसिक आरोग्यापासून व्यसनांपर्यंत 11 विषय, आठवड्याला एक तास, वर्षात 24 आठवडे. वर्गात 60 मुलं धरली, तर एकेकाच्या वाट्याला वर्षाला 24 मिनिटं येतात, तीही एकही तास बुडाला नाही तर. एवढ्या वेळात माहिती सांगून होते. घरातलं दुखणं सांगावं इतका विश्वास त्यात बसत नाही.

2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक, 1,764, महाराष्ट्रात. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. डोंगराकडच्या वाडीतल्या शाळेला असा तज्ज्ञ जवळपास मिळणं कठीण. मुरबाडला तर रेल्वेही नाही.

याच निकालातलं दुसरं कलम मला इथे जास्त कामाचं वाटतं: मुलांचे लहान गट करा आणि प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक द्या, विशेषतः परीक्षेच्या आणि शैक्षणिक टप्पे बदलण्याच्या काळात.

या भागात आणखी एक नाजूक काळ येतो, दिवाळीनंतरचा. पावसाळ्यातच वीटभट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. सण झाला की कातकरी कुटुंबं भट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. आठवीतली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत जाते. हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा एकामागून एक पडत राहतात. ती आश्रमशाळेत राहू शकली असती का, घरी लग्नाची बोलणी चालली आहेत का, हे विचारायचं ते ऑक्टोबरमध्ये. हजेरीपट ते सांगतो तेव्हा डिसेंबर उजाडलेला असतो.

अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा म्हणते. त्या हिशेबाने इथे चारशे लागतील. तेवढे लवकर मिळणार नाहीत, पण शिक्षक आज आहेत. आठवीपासून प्रत्येक शिक्षकाकडे पंधरा मुलं सोपवावीत, तीच मुलं दहावीपर्यंत ठेवावीत, आणि या कामाला वेळापत्रकात तासिका द्यावी. शिक्षकांवरची अशैक्षणिक कामं कमी केल्याशिवाय हे होणार नाही, ती जबाबदारी सरकारची आहे.

मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी गटांच्या याद्या यंदा दिवाळीच्या सुट्टीआधीच कराव्यात. आणि प्रत्येक वर्गात दोन क्रमांक ठळक लिहावेत: मानसिक आधारासाठी टेलि-मानस 14416, संकटातल्या मुलांसाठी 1098. दोन्ही विनाशुल्क आहेत आणि चोवीस तास चालू असतात.