लेकीचं चेटूक आणि माझी शिकवणी

रात्रीचे साडेबारा वाजले होते. पाणी प्यायला उठले तर पुढच्या खोलीत उजेड. लेक लॅपटॉपसमोर बसलेली, कानाला हेडफोन. पडद्यावर काळा झगा घातलेली एक बाई हात वर करून काहीतरी मंतरत होती आणि तिच्या शेजारी ढगासारखा निळा राक्षस उभा!

"काय करायलीस गं एवढ्या रात्री?"

"शाप द्यायलेय," लेक शांतपणे म्हणाली.

मैत्रिणींनो, माझ्या जागी तुम्ही असता तर? करणी-भानामती असं काही नसतं, २०१३ पासून आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे परभणी जिल्ह्यातल्या गावागावांत बायकांना सांगत फिरणारी मी. आणि माझ्याच घरात चेटकीण!

हसू आलं असतं, पण दिवस हसण्याचे नव्हते. 'नीट'च्या परीक्षेत दुसऱ्यांदा गुण कमी पडल्यापासून पोरगी मुकी झाली होती. "किती दिवस घरात ठेवता? स्थळं बघा," असं नातेवाईक म्हणू लागले होते. सगळा राग त्या लॅपटॉपवर निघाला. मी तो खाडकन मिटला.

लेक रडायलाच लागली. "आई, माझी चार माणसं तिथं अडकली ना गं!"

रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्याच्या घरी गेले की मी आधी पोरीचं ऐकून घेते, मग बोलते. आपल्या घरात मात्र आधी लॅपटॉप मिटला. रविवारी दुपारी सगळं आवरलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "दाखव तुझं चेटूक."

गेमचं नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. २००४ मध्ये ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीनं काढला. २०१० मध्ये त्याचे जगभरात १ कोटी २० लाख वर्गणीदार झाले होते! विसाव्या पायरीपर्यंत फुकट, पुढं महिन्याची वर्गणी. लेक ती गल्लीतल्या पोरांच्या शिकवणीतून भरते, हेही मला त्याच दिवशी कळलं.

यात प्रत्येकानं आपलं सोंग निवडायचं. कुणी तलवारवाला, कुणी जखमा भरणारा, कुणी एका फटक्यात आगीचा गोळा फेकणारा. माझ्या लेकीनं घेतलीय वॉरलॉक, त्यातही 'अ‍ॅफ्लिक्शन' प्रकारची. ही बाई मोठा वार करतच नाही. शत्रूला शाप लावते आणि तो शाप दर दोन-तीन सेकंदांनी थोडं थोडं बळ खात राहतो. 'करप्शन' नावाचा शाप आतून कीड लागल्यासारखा पोखरतो. 'अ‍ॅगनी' म्हणजे यातना. ती सुरुवातीला कळतसुद्धा नाही, मग वाढत जाते.

"मग तू नुसती उभीच की!" मी म्हटलं.

"बघ तर खरं."

बघितलं आणि डोकं गरगरलं. समोर चार शत्रू, प्रत्येकावर दोन-तीन शाप आणि प्रत्येक शापाची मुदत वेगळी. मुदत संपायच्या आत तो परत लावायचा. फार लवकर लावला तर उरलेला वेळ वाया जातो, उशीर झाला तर मधे खंड पडतो. शेवटचा तिसरा हिस्सा उरला की लावायचा, म्हणजे उरलेला वेळ नव्या मुदतीत मिळतो. एका गॅसवर वरण, दुसऱ्यावर भाजी, कुकरची शिट्टी आणि तव्यावरची भाकर एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको!

तो निळा राक्षस म्हणजे 'व्हॉइडवॉकर'. तो पुढं उभा राहून मार खातो, कारण बाईच्या अंगावर नुसता झगा, चिलखत नाही. शत्रू अंगावर आलाच तर ती त्याला भीती घालून पळवते. तो पळत असतानाही शाप आपलं काम करत असतो. लढाईआधी ही बाई हिरवे दगड तयार करून सोबतच्या सगळ्यांना वाटते. ज्याचं बळ कमी होईल त्यानं दगड वापरायचा, की जरा जिवात जीव येतो. लेक तेच वाटत बसलेली. कुणी विसरला तर आठवण करून देत होती. घरात जी चार शब्द बोलत नव्हती ती!

तोटेही आहेत या सोंगाचे. शत्रू लहान असेल तर शाप अंगी लागायच्या आतच दुसरा कुणीतरी त्याला उडवतो. सगळी मेहनत फुकट. गेम नवा होता त्या काळात तर मोठ्या शत्रूवर असे परिणाम आधी ८ आणि नंतर १६ इतकेच राहू शकायचे. चाळीस जणांच्या फौजेत जागेसाठी ओढाताण व्हायची आणि वॉरलॉकला सांगितलं जायचं, तुझे शाप राहू दे! हळू काम करणाऱ्याला बाजूला सारायची रीत तिथंही आहे म्हणायची.

पडद्याच्या कोपऱ्यात कुणी किती मारा केला याची यादी होती. लेकीचं नाव सगळ्यात खाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "तू तर शेवटची!"

ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "आई, पहिल्या मिनिटाला बघितलंस तर मी खालीच दिसणार. शेवटी बघ."

पाचव्या मिनिटाला राक्षस पडला. नाव दुसऱ्या नंबरावर होतं. मी काही बोलले नाही. उठून चहा ठेवला.

तेव्हापासून माझ्या कामाकडेही मी जरा वेगळं बघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. १०९८ ला फोन करून एक लग्न थांबवणं हा एक फटका. तो हवाच. पण त्या घरी महिन्याभरानं परत गेलं नाही, शाळेची चौकशी केली नाही, की मुदत संपलीच समजा. पुढच्या मुहूर्ताला तीच पोरगी बोहल्यावर!

आता म्हणाल, बाई तर गेमच्या नादी लागली. नाही हो. आमच्या घरी नियम झालेत. साडेदहाला लॅपटॉप बंद, पण चालू लढाई पुरी करू द्यायची. मधे झाकण मिटायचं नाही, हा नियम माझ्यासाठी! पैसे लावून खेळायचा गेम अजिबात नाही. त्यावर तर २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदाच केलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत २०२२ पासून गेमिंगचा विकारही आहे. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, ही त्याची खूण. तसं वाटलं तर १४४१६ या टेलीमानसच्या फोनवर मोफत बोलता येतं. पण त्याआधी एकदा खुर्ची ओढून लेकराशेजारी बसा.

लेक आता सकाळी लवकर उठून पुस्तक उघडते. यंदा काय होईल, देव जाणे. परवा जाऊबाईंचा फोन आला, "स्थळ चांगलं आहे, बघता का?"

मी म्हटलं, "थांबा जरा. शेवटी बघू!"