खर्जाचा आवाज आणि गटाचे पंधरा हजार

आजवर आपण शेळीपालनाच्या कर्जावर बोललो, शिलाई मशीनवर बोललो, घरघंटीवर बोललो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई आता काय नवीन घेऊन आली! विषय आहे बास गिटारचा ॲम्प्लिफायर. थोडा स्वस्तात, पण कामाचा कसा निवडायचा, ते आज बघू.

हा प्रश्न आमच्या वसईच्या गटात खरोखर आला. गटातल्या एका ताईची मुलगी रविवारी चर्चच्या गायनमंडळात बास वाजवते आणि लग्नसराईत एका बँडबरोबर जाते. एका कार्यक्रमाचे तिच्या वाट्याला बाराशे रुपये येतात. पण बँडवाले म्हणू लागले, "बाय, तुझा आवाज ऐकूच येत नाही. मोठा ॲम्प्लिफायर आण, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो." ताईने गटाकडे तीस हजार मागितले. आमची मर्यादा पंधरा हजारांची. बैठकीत कुजबुज झाली, "गाण्याबजावण्याला कसलं कर्ज?" मी म्हटलं, शिलाई मशीनला देतो ना? हेही कमाईचं साधनच आहे. पण साधन नीट पारखून घ्यायचं. मग आम्ही पारखायला शिकलो. तेच आज सांगते.

आधी बास म्हणजे काय? भजनात पेटीचा खालचा सूर असतो, तबल्याच्या डग्ग्याची घुमक असते, तसा गाण्याचा पाया धरणारा खर्ज म्हणजे बास. पूर्वी त्यासाठी माणसाएवढं उंच लाकडी वाद्य उभं करून वाजवत. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये गिटारसारखा हातात धरायचा विजेवरचा बास बाजारात आणला, आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर काढला. वेगळा का काढावा लागला, यातच आपलं पहिलं उत्तर आहे.

साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते. बासची सर्वांत जाड तार ४१ वेळा, म्हणजे निम्मी. सूर जितका खालचा, तितकी जास्त हवा स्पीकरला ढकलावी लागते. स्पीकरचा कागद पुढेमागे जास्त हलतो. साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरला बास जोडून आवाज वाढवला की तो कागद झेपेल त्यापेक्षा जास्त हलतो, आधी फरफरतो आणि मग फाटतो. हलक्या आवाजात घरी सराव केला तर चालून जातं, कार्यक्रमात नाही. आमच्या मुलीकडे नेमका साध्या गिटारचा पंधरा वॅटचा डबा होता.

आता दुसरी गोष्ट. नवीन घेण्याआधी जुन्याचं काय करता येतं ते बघा. याला पैसे लागत नाहीत.

एक, डबा कुठे ठेवलाय? मोकळ्या जागेत मधोमध ठेवला की खर्ज विरतो. भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात सरकवला की तोच आवाज भरदार होतो. दोन, वाजवणारीला स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर डबा खुर्चीवर ठेवा किंवा मागे थोडा कलता करा. जमिनीवरचा डबा पोटऱ्यांना ऐकवतो, कानांना नाही. तीन, खर्जाचं बटण पूर्ण फिरवू नका. सगळी ताकद त्यातच खर्च होते. मधल्या सुरांचं बटण थोडं वाढवा. गर्दीत बासची ओळख पटते ती त्या मधल्या सुरांनी. चार, वायर बदलून बघा. खरखर बऱ्याचदा दोनशे रुपयांच्या वायरची असते आणि दोष डब्याला देतो आपण.

आमच्या मुलीने महिनाभर हे केलं. चर्चमधलं काम त्याच डब्यावर निभावलं. पण लग्नात ढोलकी, ड्रम आणि कीबोर्डपुढे तो कमी पडला. म्हणजे गरज खरी होती, पण ती फक्त लग्नापुरती. हे कळल्यामुळेच तीस हजारांची मागणी खाली आली.

आता वॅटचा घोळ. त्याच्या आदल्या वर्षी तिच्या मामाने एका दुकानातून "एक हजार वॅट" लिहिलेला स्पीकर आणला होता. खोका मोठा, दिवे रंगीत, आवाज मात्र घरच्या टीव्हीएवढा. कारण खोक्यावर जो आकडा होता तो क्षणभराच्या उसळीचा, आणि तोही फुगवलेला. आपल्याला विचारायचा आकडा असतो "आर.एम.एस. वॅट", म्हणजे सतत किती ताकद देतो तो. दुकानदार सांगत नसेल तर डब्याच्या मागची पट्टी वाचा. तो भिंतीतून किती वॅट वीज घेतो ते तिथे लिहिलेलं असतं. साठ वॅट वीज घेणारा डबा सतत हजार वॅट आवाज कुठून देणार? शेरभर दुधातून पाच शेर दही होत नाही.

आणखी एक. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. पंधराचे तीस केले तर फरक जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून पंधरावरून पंचवीसवर जाण्यात पैसे घालवू नका. ढोबळ हिशेब असा: घरच्या सरावाला पंधरा ते पंचवीस वॅट, ड्रम नसलेल्या गायनमंडळाला चाळीस-पन्नास, ड्रमबरोबर वाजवायला शंभर किंवा जास्त.

मग मोकळ्या मांडवाला काय? तिथे शहाणपण असं की सगळं ओझं आपण उचलायचं नाही. मांडवात साउंडवाला असतोच. आपल्या ॲम्प्लिफायरला मागे "लाइन-आउट"ची पिन असेल तर तिथून वायर साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायची. पाहुण्यांना आवाज त्याचे मोठे स्पीकर ऐकवतील, आपला डबा फक्त वाजवणारीला ऐकवेल. म्हणून विकत घेताना ही पिन आहे का ते आधी बघा. या एका पिनेने आमचे निम्मे पैसे वाचले.

स्पीकर आठ, दहा, बारा, पंधरा इंचांचे मिळतात. मोठा स्पीकर म्हणजे आपोआप चांगला आवाज, असं नाही. पेटी कशी बनवलीय त्यावरही बरंच असतं. पण ड्रमबरोबर वाजवायचं तर दहा किंवा बारा इंच बघावा. आणि वजन विसरू नका! पंधरा इंची जुना डबा पंचवीस-तीस किलोचा असू शकतो. तो रिक्षात घालायचा, पूल चढायचा, विरार लोकलमध्ये शिरायचं. आपल्या भाजीवाल्या बायकांना विचारा टोपली घेऊन त्या गर्दीत शिरणं काय असतं ते. नव्या पद्धतीचे डबे हलके आले आहेत. फेंडरचा रंबल ४० दहा इंची असून आठ किलोच्या आसपास आहे, आणि शंभर वॅटचा बारा इंची रंबल १०० दहा किलोच्या आसपास. मुलगी एकटी उचलू शकली तर टेम्पोचं भाडं वाचतं. ते भाडंही हिशेबात धरा.

नव्याच्या किमती ऐकून आम्ही जुन्या वस्तूकडे वळलो. जुना घेताना पुढचं तपासा, हे लिहूनच ठेवा.

स्वतःची बास आणि स्वतःची वायर घेऊन जा. निदान वीस मिनिटं वाजवा. काही दोष गरम झाल्यावरच दिसतात. सर्वांत जाड तार मोठ्या आवाजात वाजवून फरफर येते का ऐका. पुढची जाळी निघत असेल तर बॅटरी मारून स्पीकरचा कागद फाटलाय का, चिकटवलाय का बघा. डबा बंद करून कागद दोन्ही बाजूंनी बोटांनी अलगद दाबा. आत घासल्यासारखं लागलं तर त्याची कॉइल गेली समजा, सोडून द्या. बटणं फिरवताना थोडी खरखर आली तर ती धुळीची असते, सफाईने जाते. तेवढ्यावर किंमत मात्र जरूर पाडा. जळका वास आला तर नमस्कार करून निघा. प्लगची तिसरी, मोठी पिन कापलेली नसावी. ती अर्थिंगची पिन आहे. वाजवणारीचे हात तारांवर असतात, तिच्या जिवाचा प्रश्न आहे.

आपल्याकडे बऱ्याच घरांतली माणसं परदेशी किंवा बोटीवर असतात. कोणी अमेरिकेतून डबा आणून दिला तर मागे व्होल्टेज वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तसाच लावला तर पहिल्याच दिवशी जळेल. आणि कोणी जुन्या डब्याला आणखी एक स्पीकरपेटी जोडून देतो म्हणाला, तर "ओहम" विचारा. डब्यावर "कमीत कमी ४ ओहम" लिहिलं असेल तर ८ ओहमच्या दोन पेट्या चालतात, कारण दोन मिळून ४ होतात. ४ च्या दोन लावल्या तर २ होतात आणि डबा तापून जळतो.

आता कर्जाचा हिशेब. जुना शंभर वॅटचा, बारा इंची, लाइन-आउटवाला डबा तेरा हजारांना ठरला. चांगली वायर, पावसाळी कव्हर आणि स्पाइक बोर्ड दोन हजार. एकूण पंधरा. आमच्या गटाचं व्याज महिना दोन टक्के, उरलेल्या रकमेवर. दर महिना मुद्दल दीड हजार, दहा हप्ते. पहिल्या महिन्याचं व्याज तीनशे, मग दोनशे सत्तर, असं उतरत शेवटी तीस. सगळं व्याज १,६५०. म्हणजे फेड १६,६५०. बाराशेने भागलं तर चौदा कार्यक्रम.

चौदा कार्यक्रम होतील, पण कधी? आपल्याकडे उपवासकाळात ख्रिस्ती लग्नं लागत नाहीत आणि पावसाळ्यात मांडव ओस. नेमके तेव्हा हप्ते थकले असते आणि बैठकीत तिच्या आईची मान खाली गेली असती. म्हणून आम्ही ठरवलं: नाताळनंतर आणि ईस्टरनंतर मे अखेरपर्यंत मोठा हप्ता, रिकाम्या महिन्यांत फक्त व्याज. मुदत थोडी लांबते, व्याज थोडं वाढतं, पण हप्ता चुकत नाही. कुठल्याही हंगामी धंद्याला कर्ज देताना हे लक्षात ठेवा, मग तो बँड असो की आंब्याचं लोणचं.

घेतल्यावर जपायचं कसं? समुद्राची खारी हवा आणि पावसाची ओल दोन्ही वाईट. डबा जमिनीवर नको, पाटावर ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. वीज जायला-यायला लागली की प्लग काढा. आणि रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत लाउडस्पीकर वाजवायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा दहाच्या आत आवरा. शेजारणीशी वाकडं घेऊन वाजवलेलं गाणं गोड लागत नाही.

आज ती मुलगी त्याच बँडमध्ये आहे. सहा हप्ते वेळेवर आले. बैठकीत "गाण्याला कसलं कर्ज" म्हणणारी मावशी परवा तिच्या नातीला घेऊन आली. विचारते, "गिटार शिकायला कितीची लागते गं?" मी म्हटलं, मावशी, आधी महिनाभर कोणाची तरी मागून आणा, मग बघू.

तुमच्या गटात असा वेगळा अर्ज आला तर हसून बाजूला सारू नका. कमाई किती, कोणत्या महिन्यांत, आणि वस्तू पारखली का, एवढे तीन प्रश्न विचारा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.