'सौम्य' मार आणि लांबलेलं दुखणं

वरून न दिसणारी दुखापत खरी की मनाची, हा वाद रेल्वेइतकाच जुना. १८६६ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातल्या दुखापतींवर व्याख्यानं प्रसिद्ध केली. अंगावर ओरखडा नसला तरी मज्जासंस्थेला हादरा बसलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी ते खोडून काढलं. यातली बरीच लक्षणं धास्तीची, असं त्यांचं मत. पेज रेल्वे कंपनीच्या सेवेत होते आणि भरपाई कंपनीच्याच खिशातून जायची, हे विसरून चालणार नाही. पुढे १९६१ मध्ये हेन्री मिलर या डॉक्टरांनीही भरपाईच्या दाव्यांकडेच बोट दाखवलं. दुखणं कोणाचं रेंगाळणार, हे आधी ओळखण्यापेक्षा खरं कोण बोलतंय, यातच शंभर वर्षं गेली.

१९७४ मध्ये डोक्याला मार लागलेल्याची शुद्ध मोजणारी टीसडेल आणि जेनेट यांची ग्लासगो कोमा मोजपट्टी आली. गुण ३ ते १५. पैकी १३ ते १५ म्हणजे 'सौम्य'. जीव वाचेल का, हे सांगायला ती उपयोगी. पण महिन्यानंतरही डोकं ठणकेल का, आवाज सहन होईल का, याचा अंदाज तिच्यातून लागत नाही.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०१६ मधला कॅनडातला अभ्यास. डोक्याला मार लागून नऊ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेली ५ ते १८ वयोगटातली तीन हजारांवर मुलं; जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची लक्षणं २८ दिवसांनंतरही टिकून होती. दुखणं कोणाचं रेंगाळेल, हे आधी ओळखायला रॉजर झेमेक आणि सहकाऱ्यांनी नऊ गोष्टी निवडल्या: मुलगी आहे का, वय १३ किंवा अधिक आहे का, अर्धशिशीचा त्रास होता का, आधीच्या माराची लक्षणं आठवड्याहून जास्त राहिली होती का, डोकेदुखी, थकवा, आवाजाचा त्रास, उत्तरं सावकाश येणं आणि तोल. तोल पाहायची रीत साधी: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, हात कमरेवर, डोळे मिटून वीस सेकंद उभं राहायचं आणि चुका मोजायच्या. यात यंत्र एकही नाही. अचूकतेच्या ज्या मापात ०.५ म्हणजे निव्वळ छापा-काटा, त्यात डॉक्टरांचा स्वतःचा अंदाज ०.५५ भरला आणि ही प्रश्नावली ०.६८. फार नव्हे, पण अनुभवी नजरेपेक्षा बरी. मार किती जोरात बसला, याला त्या यादीत जागाच नाही!

अमेरिकेत २०१८ मध्ये अशा मारासाठीच्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. बातम्यांत गाजावाजा झाला. प्रत्यक्षात ती सीटी स्कॅन लागेल का, एवढंच ठरवायला आहे.

मोठ्यांचं काय? अमेरिकेतल्याच ११ रुग्णालयांच्या अभ्यासात (२०१९) वर्षभरानंतर सौम्य मारवाल्यांपैकी ५३ टक्क्यांना रोजच्या व्यवहारात अडचणी होत्या. डोक्याला मार न लागता हाडं मोडलेल्यांत ३८ टक्क्यांना. फरक आहेच, पण ३८ हा आकडाही लहान नव्हे. त्याच प्रकल्पाच्या आधीच्या निबंधात तर तीन महिन्यांत कोणत्याही डॉक्टरला पुन्हा भेटलेले निम्म्याहून कमी निघाले, आणि तीन किंवा अधिक मध्यम ते तीव्र लक्षणं असलेल्यांतही जेमतेम ५२ टक्के.