बड्या हॉटेलचे स्वस्त दुपारचे जेवण आणि आपली दुकानदारी

मालाच्या खरेदीसाठी मुंबईला जाणाऱ्या व्यापारी बांधवांनी फोर्ट, कुलाबा, वांद्रे या भागांतील बड्या हॉटेलांच्या दारावर ‘सेट लंच’ अशी पाटी पाहिली असेल. रात्री जेथे माणशी दोन-अडीच हजारांच्या आत उठता येत नाही, तेथेच सोमवार ते शुक्रवार दुपारी हजार-बाराशेत सूप, एक मुख्य पदार्थ आणि शेवटी गोड असे जेवण मिळते. स्टेकहाउस म्हणजे मांसाचा जाड तुकडा निखाऱ्यावर किंवा तापलेल्या तव्यावर भाजून देणारे हॉटेल, तेसुद्धा याला अपवाद नाही. हे पाहून आपले लोक दोनपैकी एक अर्थ काढतात. दुपारचा माल हलका असेल, किंवा रात्री हे लोक लूट करीत असतील. आम्ही मंगलदास मार्केटच्या वाऱ्या करता करता असे जेवण दोन-चार वेळा घेतले आहे आणि हिशेबही विचारला आहे. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

या रिवाजाला मोठे नाव मिळाले ते न्यूयॉर्कमध्ये. जुलै १९९२ मध्ये तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले होते. त्या निमित्ताने टिम झॅगट आणि जो बॉम यांनी शहरातील नामांकित हॉटेलांना एकत्र करून दुपारचे ठराविक जेवण १९ डॉलर ९२ सेंटला देण्याची टूम काढली. सन आणि दर एकच. बेत काही दिवसांपुरता होता, पण गिऱ्हाईक इतके लोटले की तो दरवर्षीचा झाला आणि ‘रेस्टॉरंट वीक’ या नावाने जगभर गेला. मुंबईत तो २०१० मध्ये आला.

आता मुद्द्याचा हिशेब. हे आकडे समजण्यापुरते आहेत, कोणा एका हॉटेलचे नाहीत. समजा, रात्री एका गिऱ्हाइकाचे बिल २,५०० रुपये आणि त्यात कच्चा माल ८०० रुपयांचा. म्हणजे भाडे, पगार, वीज यांसाठी १,७०० रुपये उरले. दुपारी दर १,००० आणि माल ४०० चा, म्हणजे ६०० उरले. भाडे तर द्यायचेच आहे, आचारी महिन्याच्या पगारावर आहे, आणि दुपारी खुर्च्या रिकाम्या आहेत. अशा वेळी चाळीस माणसे आली तर २४,००० रुपये सुटले. न आली तर शून्य.

पण यात एक खोच आहे. त्या चाळिसांपैकी चौदा जण एरवी रात्री येणारे असतील आणि सवलत पाहून दुपारी आले असतील, तर त्या प्रत्येकामागे १,१०० रुपये गेले. एकूण तोटा १५,४०० रुपये. उरलेल्या सव्वीस नव्या माणसांनी मिळवून दिले १५,६०० रुपये. पदरात पडले दोनशे! म्हणून सवलत कोणी घ्यायची आणि कोणी नाही, हे मालक आधी ठरवतो. बारा ते तीन ही वेळ, शनिवार-रविवार बंद, दोन-तीन पदार्थांतूनच निवड, पेये वेगळ्या पैशांची, अदलाबदल नाही. ही सगळी कुंपणे आहेत. ज्याला रात्री मित्रांसह दोन तास बसायचे आहे, तो या कुंपणातून आत येत नाही.

मांसाचेही तसेच. ज्याला आमचे कुरैशी बांधव ‘अंडरकट’ म्हणतात, तो पाठीच्या कण्याखालचा भाग जनावराला फारसा वापरावा लागत नाही, म्हणून सर्वांत नरम असतो. एका जनावरात तो थोडेच किलो निघतो. बाकीचा माल तितक्या भावाने जात नाही. मग अंडरकट रात्रीच्या यादीत राहतो, दुपारी तो हवा असेल तर वर पैसे मोजावे लागतात, आणि ठरलेल्या दरात पातळ कापलेला दुसरा भाग, खिमा किंवा कोंबडी येते. आम्ही कापडवाले ठाण आणि कटपीस वेगळ्या भावाने विकतो, त्यातलाच हा प्रकार. कटपीस म्हणजे खराब कापड असे कोणी शहाणा म्हणत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी येथेच सांगून ठेवतो. २०१५ पासून आपल्या राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे येथील हॉटेलांत ‘बीफ’ म्हणून जे मिळते ते म्हशीचे. ते हलाल आहे का, हे बसण्यापूर्वी विचारावे. चांगले हॉटेलवाले याचा राग मानत नाहीत. मांस हलाल असले तरी त्यावरच्या सॉसमध्ये वाइन असू शकते आणि त्याच जाळीवर डुकराचे मांस भाजले जात असू शकते, हेही विचारण्यात संकोच नको. बिलात साध्या हॉटेलात पाच टक्के जीएसटी लागतो, पण ७,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोल्या असलेल्या तारांकित हॉटेलात अठरा टक्के. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले.

हे सगळे बीडच्या माणसाने का वाचावे? कारण रिकाम्या खुर्च्या आपल्याकडेही आहेत. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या महिन्यांत बाजार सुना पडतो. तेव्हा घाबरून काही कापड दुकानदार खरेदीच्या भावात माल सोडतात. आमच्या मते हे हॉटेलचे अनुकरण म्हणून केले तर मोठी गफलत आहे. दुपारची रिकामी खुर्ची संध्याकाळी विकता येत नाही. ती वेळ गेली. ठाण मात्र आज नाही विकले तर उद्या विकते. त्यात पैसा अडकतो, फॅशन जाण्याचा धोका असतो, हे खरे. तरी ते रात्रीतून नासत नाही.

खुर्चीसारखी नासणारी चीज आहे कारागिराचा वेळ. शिंप्याची मशीन, छापखाना, लग्नाचा हॉल, मालाचा टेम्पो, यांचा आजचा दिवस उद्या वापरता येत नाही. शिंप्याचेच पाहा. रमजानच्या मध्यावर ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागते, जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची रांग असते, आणि बकरी ईद उलटून मोहरम आला की लग्ने थांबतात व मशीनवर धूळ बसते. अशा शिंप्याने रजब-शाबानमध्ये कापड देणाऱ्याला शिलाईत सूट द्यावी. रमजानची गर्दी तेवढी हलकी होते आणि रिकामे हात कामाला लागतात. मात्र सूट किती, हे कारागीर कसे ठेवले आहेत त्यावर आहे. ते महिन्याच्या पगारावर असतील तर रिकामा दिवस मालकाच्या अंगावर पडतो, तेथे चांगली सूट परवडते. नगावर असतील तर प्रत्येक नगाची मजुरी द्यावीच लागते, म्हणून सूट आपल्या नफ्यातूनच जाते आणि ती लहान ठेवावी. कारागिराची मजुरी कापून गिऱ्हाइकाला सूट देणे, याला आम्ही व्यापार म्हणत नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे सुटीची तारीख इंग्रजी महिन्यावर बांधू नये, दरवर्षी नवी पाटी लिहावी. पाटीवर शेवटची तारीख, कोणते कपडे आणि किती दिवसांत मिळतील हे स्वच्छ असावे. आपल्याकडे अडचण येते ती येथे. वीस रमजानला ओळखीचा माणूस कापड घेऊन येतो आणि ‘शेठ, शाबानचाच भाव लावा’ म्हणतो. हॉटेलात साडेतीन वाजता गेलेल्याला दुपारचा दर मिळत नाही आणि तो भांडतही नाही, कारण दारावर लिहिलेले असते. त्या ओळखीच्या माणसाला चहा पाजावा आणि भाव रमजानचाच सांगावा. त्याला एकदा दिला की शाबानमध्ये वेळेवर कापड देणारे पुढच्या साली वीस रमजानलाच येतील.