बाळाचा श्वास मध्येच का थांबतो?

झोपलेलं तान्हं बाळ भराभर श्वास घेतं, मध्येच 5-10 सेकंद थांबतं आणि आजी घाबरून नाकापाशी बोट धरते. हा खंड बहुधा निरुपद्रवी असतो. ऑक्सिजन खरोखरच कमी पडला, तर आपल्याला धाप लागते, छाती धडधडते. नवजात बाळाचं उलटं. मिनिट-दोन मिनिटं ते जोरात श्वास घेतं, मग श्वास मंदावतो, हृदयाचे ठोकेही उतरतात. ही गर्भातली जुनी सवय! तिथे ऑक्सिजन वारेतून येतो. छाती हलवून तो मिळत नाही, मग काटकसर बरी. मानेतल्या रोहिणीपाशी बसलेला ऑक्सिजनचा पहारेकरी जन्मानंतर काही आठवड्यांत नव्या हवेला सरावतो. मात्र श्वास 20 सेकंद थांबला किंवा ओठ निळे पडले, तर बोट धरून बसू नका. बाळाला तातडीने दवाखान्यात न्या.