गल्ल्यातला पैसा कोणाचा? आर्केडिया ग्रुप कसा बुडाला

या आठवड्याच्या व्हिडिओत ‘मालकाची उचल’ हा विषय घेतला होता. त्याचं एक मोठं उदाहरण इथे सविस्तर बघूया.

टॉपशॉप, टॉपमॅन, बर्टन, डोरोथी पर्किन्स, वॉलिस... ब्रिटनमधले हे सगळे कपड्यांचे ब्रँड एकाच कंपनीचे होते: आर्केडिया ग्रुप. मूळ धंदा मॉन्टेग्यू बर्टन यांचा, पुरुषांच्या सूटचा. 2002 मध्ये फिलिप ग्रीन यांनी हा ग्रुप साधारण 85 कोटी पौंडांना घेतला, तोही बराचसा कर्जावर. खर्च कापले, नफा वाढला. सगळीकडे वाहवा!

मग आलं 2005. कंपनीने मालक कुटुंबाला सुमारे 120 कोटी पौंड डिव्हिडंड दिला. शेअर्स पत्नी टीना ग्रीन यांच्या नावावर आणि त्या राहायला मोनॅकोत, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्यावर टॅक्स लागला नाही. सगळं कायदेशीर. पण ही रक्कम त्या वर्षीच्या नफ्याच्या कितीतरी पट होती, म्हणून कंपनीने कर्ज काढलं. म्हणजे पैसा गेला मालकाकडे, हप्ते राहिले दुकानाच्या डोक्यावर.

आता नीट ऐका. कंपनी त्या एका डिव्हिडंडमुळे बुडाली नाही. त्यानंतर ती 15 वर्षं चालली. पण त्याच काळात झारा आणि प्रायमार्क वाढले, एसॉस आणि बूहू ऑनलाइन पुढे गेले. आर्केडिया ऑनलाइनमध्ये मागे पडली. वर महागडी भाडी आणि कामगारांच्या पेन्शन फंडातला खड्डा. 2020 मध्ये कोविडने दुकानं बंद झाली, तेव्हा तग धरायला गाठीशी काही नव्हतं. 30 नोव्हेंबरला कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. सुमारे 13,000 लोकांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. 2021 मध्ये एसॉस आणि बूहूने मोठे ब्रँड घेतले. दुकानं मात्र नाही घेतली!

तुमच्या दुकानासाठी यातून तीन नियम:

1. स्वतःचा पगार ठरवा. समजा महिन्याला 40 हजार सुटतात, तर 25 हजार घरी न्या, बाकी दुकानाच्या वेगळ्या खात्यात.
2. धंद्याच्या नावावर घरखर्चाचं किंवा गाडीचं कर्ज काढू नका. ज्या कर्जातून विक्री वाढेल तेच घ्या.
3. तीन महिन्यांचं भाडं, पगार आणि हप्ते बाजूला असल्याशिवाय जास्तीची उचल नाही.

आज रात्री हिशोब करताना एवढंच बघा: गेल्या महिन्यात गल्ल्यातून घरी किती गेले? आकडा पटकन सांगता येत नसेल, तर उद्यापासून उचलीची वही सुरू करा.